आधी डोळे, मग पिल्लं

कुत्रा आंधळा व्हायला लागला की ते घरच्यांना सगळ्यात शेवटी कळतं. बाय, तुझ्या होमस्टेतल्या काळ्या लॅबला यंदा पिल्लं व्हावीत असं तुझ्या मनात आहे, पुण्याचा कुठला तरी चॅम्पियन नरही हेरून ठेवला आहेस, असं वहिनीकडून कळलं. तू मला विचारलं नाहीस, तरी सांगतो. माझी उभी हयात पशुसंवर्धन खात्यात गेली. म्हशी-शेळ्या हे मुख्य काम, पण अलिबागपासून मुरुडपर्यंत बंगले उठले तशी बंगलेवाल्यांची कुत्रीही हाताखालून गेली. आमच्या जुन्या डॉक्टरसाहेबांनी जे कानात सांगितलं होतं आणि त्यावर पुढच्या शास्त्राने जी भर घातली, ते तुझ्या पदरात टाकतो. घ्यायचं तेवढं घे.

पहिलं म्हणजे, ‘दिसतं की त्याला, वाडीभर फिरतो’ यावर कधी विसंबू नकोस. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आपल्या किनाऱ्यावर आदळलं. नारळी-पोफळी आडव्या झाल्या, वाड्यांतल्या वाटा बुजल्या, वीज कित्येक दिवस नव्हती. त्या दिवसांत नांदगावकडच्या एका वाडीतून मला बोलावणं आलं. पाच वर्षांचा लॅब, वादळापासून बावचळलाय, ओट्यावरून उतरत नाही, पडलेल्या झाडांवर तोंड आपटतो. वाऱ्याच्या आवाजाची धास्ती घेतली, अशी घरच्यांची समजूत. मी टॉर्च मारला. दोन्ही बाहुल्या ताणून मोठ्या झालेल्या, आणि आतून हिरवा-पिवळा उजेड असा लख्ख परत आला की मी झोत बाजूला केला. त्याचे डोळे वादळाने नेले नव्हते. वर्ष-दीड वर्ष तरी तो हळूहळू आंधळा होत आला असणार. वाडीतली प्रत्येक पोफळ, प्रत्येक पायरी त्याला पाठ होती म्हणून कुणाला पत्ता लागला नाही. झाडं पडली, वाटा बदलल्या आणि बिंग फुटलं. तोवर त्याची पिल्लं गावोगावच्या घरांत जाऊन मोठी झाली होती, आणि त्यांतल्या काहींना पुढची पिल्लंही झाली होती.

या रोगाला डॉक्टर मंडळी पीआरए म्हणतात. आपण पडदा झिजणं म्हणू. डोळ्याच्या मागच्या पडद्यात दोन तऱ्हेच्या पेशी असतात, एक अंधुक उजेडात बघायच्या, दुसऱ्या भर उजेडात. बहुतेक प्रकारांत आधी पहिल्या मरतात, म्हणून सुरुवात रातांधळेपणाने होते. मग दिवसाचंही दिसेनासं होतं. दुखत नाही, डोळा लाल होत नाही, पाणी गळत नाही. औषध नाही, ऑपरेशन नाही. आणि खरी गोम वयात आहे. लॅबमध्ये जो प्रकार नेहमी आढळतो त्याची लक्षणं बहुधा तीन ते सहा वर्षांच्या सुमारास दिसू लागतात. पिल्लं मात्र लोक दुसऱ्या वर्षापासूनच घेतात. म्हणजे नर आंधळा आहे हे कळेपर्यंत तो आजोबा झालेला असतो. डॉक्टरसाहेबांचा नियम म्हणून साधा होता: या रोगावर उपाय करायची वेळ एकच, मेटिंगच्या आधीची.

आता रक्ताचा हिशेब समजून घे, कारण याच्यात भले भले ब्रीडर गडबडतात. प्रत्येक पिल्लाला प्रत्येक गुणाच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. लॅबमधल्या या रोगात दोन्ही प्रती सदोष असल्या तरच कुत्रा आंधळा होतो. एकच सदोष असेल तर त्याचे डोळे जन्मभर ठणठणीत राहतात, पण तो दोष तो पुढे देऊ शकतो. त्याला कॅरिअर म्हणतात. आपल्याकडे सुपारी सोलल्याशिवाय आतली कीड दिसत नाही, तसाच हा कॅरिअर. बाहेरून एकदम टणक. दोन कॅरिअर एकत्र आले की सरासरीने पिल्लांतलं चारातलं एक आंधळं होणारं, दोन कॅरिअर आणि एक स्वच्छ, म्हणजे क्लिअर. सरासरीने म्हणतोय. आठ पिल्लांच्या वेतात दोनच आंधळी होतील असा करार निसर्गाने कुणाशी केलेला नाही. कधी चार होतात, कधी एकही नाही, आणि एकही झालं नाही की ब्रीडर छाती फुगवून सांगतो, आमच्या लाइनमध्ये असलं काही नाही.

कॅरिअर आणि क्लिअर यांच्या जोडीत मात्र एकही पिल्लू या रोगाने आंधळं होत नाही. साधारण निम्मी कॅरिअर निघतात, बस्स. हे लक्षात ठेव, कारण तुझी मादी कॅरिअर निघाली तर कुणीतरी तुला म्हणेल, हिला आता पिल्लं नकोतच. ते खरं नाही. उत्तम स्वभावाची, मजबूत कमरेची, निरोगी मादी एका सदोष प्रतीपायी बाद करायची, आणि असं प्रत्येकाने करायचं, तर चांगली कुत्री मूठभरच उरतील आणि त्याच मुठीतल्या मुठीत जोड्या लागतील. मग आजवर झाकून राहिलेले दुसरे दोष डोकं वर काढतील. कॅरिअर मादीला क्लिअर नर बघ, पिल्लांची तपासणी कर, आणि पुढच्या पिढीसाठी त्यातलं क्लिअर पिल्लू ठेव. दोन्ही प्रती सदोष असलेल्या कुत्र्याला मात्र माझ्या मते पिल्लं नकोतच. नियमाने त्यालाही क्लिअर जोडीदार देता येतो, पण घरगुती ब्रीडरने त्या भानगडीत का पडावं?

हे आपल्याच काळात कळलं असं नाही. स्वीडनमध्ये माग्नुसन नावाच्या पशुवैद्याने 1911 मध्येच गॉर्डन सेटर कुत्र्यांमधल्या या आंधळेपणावर लिहून ठेवलं आहे, आणि त्याच्या लेखाच्या नावातच जवळच्या नात्यातल्या जोड्यांचा उल्लेख आहे. त्यानंतर ऐंशी वर्षं डोळ्यात डोकावून बघणं एवढाच मार्ग होता. 1993 मध्ये आयरिश सेटरमधला नेमका जनुकीय दोष सापडला. 2006 मध्ये लॅब, कॉकर, पूडल अशा कितीतरी जातींत एकाच जागी असलेला दोष हाती लागला. त्याचं नाव पीआरसीडी. तुला लॅबसाठी हीच चाचणी मागायची आहे. गंमत बघ, याच जागी हाच बदल माणसातल्या पडद्याच्या आजारातही सापडला. आणि 2001 मध्ये अमेरिकेत ब्रिआर्ड जातीच्या जन्मांध पिल्लांच्या डोळ्यांत निरोगी जनुक सोडून त्यांना दृष्टी देता आली. त्यातला लॅन्सलॉट नावाचा कुत्रा तर जगभर गाजला. त्याच वाटेने पुढे जाऊन 2017 मध्ये माणसाच्या वंशपरंपरागत आंधळेपणावरच्या पहिल्या जनुकीय औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. पण ते जनुक वेगळं, तो रोग वेगळा. उद्या कुणी तुला लॅबच्या डोळ्यांसाठी जनुकीय उपचार विकायला आला, तर त्याला चहा पाजून वाटेला लाव.

डीएनए झाला म्हणजे डोळे तपासायला नकोत, ही दुसरी चुकीची समजूत. डीएनए चाचणी तू जे विचारशील तेवढंच सांगते. पीआरसीडी क्लिअर आला याचा अर्थ पीआरसीडी क्लिअर, एवढाच. पडदा झिजण्याचे प्रकार पुष्कळ आहेत, सगळ्यांचे दोष सापडलेले नाहीत, आणि लॅबमध्ये वंशातून येणारा मोतीबिंदू, पडद्याला जन्मतः पडलेल्या घड्या, पापणी आत वळणं, हे या चाचणीत दिसतच नाही. उलट नुसती डोळ्यांची तपासणी कॅरिअर ओळखू शकत नाही, कारण कॅरिअरचे डोळे निरोगीच असतात. म्हणून दोन्ही. डीएनए आयुष्यात एकदा, डोळे दर वर्षी. आज निर्दोष म्हणजे आजच्या तारखेपुरतं निर्दोष.

तपासणीचं सांगतो, कारण यात आपल्या मुरुडच्या माणसाला तयारी लागते. तालुक्याच्या दवाखान्यात पडदा बघायची सोय असतेच असं नाही. मुंबईला जावं लागतं. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 पासूनचं आहे, शेजारीच बाई साकरबाईंच्या नावाचं जनावरांचं जुनं इस्पितळ आहे. खासगीतही डोळ्यांचं काम करणारे डॉक्टर आता मुंबई-पुण्यात आहेत. आधी फोन करून एकच प्रश्न विचार: ब्रीडिंगसाठी दोन्ही डोळ्यांचा पडदा बघून लेखी अहवाल द्याल का, त्यावर मायक्रोचिप नंबर घालाल का? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरीकडे विचार.

बाहुली मोठी करायला ट्रॉपिकामाइडचे थेंब घालतात. मग वीस मिनिटं ते अर्धा तास थांबायचं. अंधाऱ्या खोलीत डॉक्टर कपाळावर दिव्याचं यंत्र बांधतो, हातात भिंग धरतो आणि पडद्यावरच्या रक्तवाहिन्या बघतो. त्या बारीक झालेल्या, मागचा चकाकता थर जास्त चमकणारा, ही पीआरएची खूण. दुसऱ्या यंत्राने नेत्रभिंगात कुठे मोतीबिंदूचा ठिपका आहे का ते बघतात. कुत्र्याला भूल लागत नाही, पण तिने डोकं स्थिर धरू द्यायला हवं. त्याची सवय घरी लाव. रोज संध्याकाळी तिची हनुवटी तुझ्या तळव्यावर, दुसऱ्या हाताने वरची पापणी हलकेच उचलायची, मोजून दहा अंक, मग बिस्किट. पंधरवड्यात ती स्वतःहून हनुवटी आणून ठेवेल. ही सवय नसलेली कुत्री तिथे नुसती झोंबतात, दोघे जण त्यांना दाबून धरतात आणि तपासणी अर्धवट होते.

घरच्या पेटीत पडलेलं काचबिंदूचं औषध किंवा जुने थेंब जाण्याआधी घालू नकोस. बाहुली आकसलेली असेल तर फेरी फुकट. आणि परतीचं लक्षात ठेव. थेंबांचा अंमल चार-सहा तास राहतो, कधी जास्त. मोठ्या बाहुलीत ऊन घुसलं की डोळे दिपतात. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने येशील तर तिला डेकवर उन्हात मिरवू नकोस, सावलीत ठेव. कुत्र्याच्या तिकिटाचे नियम आधी विचारून घे. मांडव्याहून मुरुड सत्तरएक किलोमीटर, रेवदंड्यापर्यंत पश्चिमेचं ऊन थेट काचेतून येतं. मागच्या काचेला चादर लाव.

डीएनएचं काम त्या मानाने सोपं. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून किंवा रक्त काढून नमुना प्रयोगशाळेला जातो. माझं मत रक्ताच्या बाजूने. जांभळ्या टोपणाच्या नळीत डॉक्टरांनी स्वतः रक्त घ्यावं, चिप वाचून नंबर त्यांनीच लिहावा. गालाची काडी घेतलीस तर आधी तासभर खाणं नको, दुसऱ्या कुत्र्याने चाटलेलं तोंड नको, आणि दूध पिणाऱ्या पिल्लाला तर आईपासून वेगळं ठेवूनच नमुना घ्यायचा, नाहीतर आईच्याच पेशी काडीवर जातात. काडी पूर्ण वाळू दे, मग कागदी पाकिटात घाल, प्लास्टिकमध्ये नको. आपल्या दमट हवेत प्लास्टिकमध्ये बुरशी येते, पावसाळ्यात तर दोन दिवसांत.

घरच्या घरी काही बघता येतं का, तर येतं, पण त्याला दाखला समजायचं नाही. मादीला ठाऊक नसलेल्या जागी घेऊन जा, एखाद्या मैत्रिणीच्या अंगणात. तिथे एक घमेलं पालथं, एक पाट, एक प्लास्टिकची खुर्ची आडवी, पाण्याची बादली, अशी आडकाठी मांड. एकदा भर दुपारी तिला मधून चालव, एकदा दिवेलागणीनंतर अगदी मंद उजेडात. साखळी सैल, तोंडाने आवाज नाही, हातात खाऊ नाही, कारण ती नाकाने आणि कानाने येईल आणि तुला वाटेल दिसतंय. दुपारी सरळ गेली आणि संध्याकाळी थबकली, पाऊल चाचपत टाकलं, तर डॉक्टर गाठ. कापसाचा बोळा तिच्यासमोर वरून सोडून बघ. त्याला वास नाही, आवाज नाही. निरोगी कुत्र्याची नजर त्याच्याबरोबर खाली येते. एक-दोनदाच करायचं, तिसऱ्यांदा तिला कंटाळा येतो आणि तू उगाच घाबरतेस. डोळ्यासमोर हात हलवून बघणारे पुष्कळ. हाताचा वारा मिशांना लागतो आणि आंधळाही डोळे मिटतो. तसंच टॉर्च मारला, बाहुली आकसली, म्हणजे दिसतंय, हेही खोटं. पडदा बराच झिजला तरी बाहुली कितीतरी दिवस हलत राहते.

आणि डोळ्याचं प्रत्येक दुखणं वंशाच्या माथी मारू नकोस. आपल्याकडे गोचिडाचा ताप फार. त्यात डोळा लाल होतो, गढूळ होतो, आत रक्त उतरतं. तो रक्ततपासणीने कळतो आणि वेळेत औषध दिलं तर आवरतो. मधुमेहात मोतीबिंदू झपाट्याने पिकतो. समुद्रावर लोळणाऱ्या कुत्र्याच्या डोळ्यात वाळूचा कण जाऊन बुब्बुळावर जखम होते, ती रंगाचा थेंब घातला की हिरवी दिसते. सात-आठ वर्षांपुढे नेत्रभिंगाला निळसर झाक येते. लोक त्याला मोतीबिंदू म्हणतात. तो नसतो, त्यातून कुत्र्याला चांगलं दिसतं. घरातले स्टेरॉइडचे थेंब, गुलाबपाणी, मध, तुरटीचं पाणी, यातलं काहीही डोळ्यात घालायचं नाही. जखमेवर स्टेरॉइड पडलं तर बुब्बुळ विरघळून डोळा जातो. मी गेलेले डोळे बघितले आहेत.

एक पैशाचा कानमंत्र. पीआरए झालेल्या कुत्र्याला पुढे मोतीबिंदूही होतो. मालकाला पांढरं भिंग दिसतं, आणि तो ऑपरेशनला निघतो. भिंग बदललं तरी मागचा पडदाच मेलेला, काय दिसणार? म्हणून ऑपरेशनच्या आधी पडदा जिवंत आहे का हे बघणारी विजेची चाचणी, ईआरजी, झालीच पाहिजे. ती न करता कुणी तारीख देत असेल तर ती तारीख घेऊ नकोस.

तुझ्या होमस्टेत येणारे पाहुणे इतर जातींबद्दल विचारतील, म्हणून थोडक्यात. कॉकरचे डोळे सगळ्यात खर्चिक: पडदा, मोतीबिंदू आणि वर काचबिंदू. त्याच्यात थेंब घालण्याआधी डोळ्याचा आतला कोन बघून घ्यावा लागतो, हे डॉक्टरांना आठवण करून दिलेलं वाईट नाही. हस्कीत मोतीबिंदू कोवळ्या वयातच दिसू शकतो. मुरुडच्या मे महिन्यात हस्की पाळणं हाच मुळात मला गुन्हा वाटतो, पण तो विषय वेगळा. कोलीत जन्मतः असलेला दोष सहा ते आठ आठवड्यांच्या पिल्लातच नीट दिसतो, नंतर वरून रंगाचा थर चढून तो झाकला जातो. गोल्डनमध्ये एक दाह मध्यम वयानंतर येतो, म्हणून म्हातारपणीही दर वर्षी डोळे. पगचं तर काय सांगावं. 2003 मध्ये हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत तो पोराच्या मागे मागे फिरला आणि घरोघरी पग आले. त्याच्यात नुसता जनुकाचा दोष शोधून भागत नाही. तोंड चपटं केलं म्हणून डोळे बाहेर आले, आणि डोळे बाहेर आले म्हणून ते सुकतात, खरचटतात, काळे पडतात. तिथे डीएनएचा कागद निरुपयोगी. नाक जरा लांब आणि डोळा जरा आत असलेली जोडी निवडणं हाच उपाय.

आपल्याकडचा कारवान, म्हणजे मुधोळच्या घोरपड्यांनी जोपासलेल्या घराण्यातला कुत्रा, 2005 मध्ये टपालाच्या तिकिटावर आला. त्याची निवड पिढ्यान्‌पिढ्या माळावर झाली. तिन्हीसांजेला ज्याला ससा दिसला नाही त्याची पिल्लं कुणी मागत नव्हतं. आता तोही फ्लॅटमध्ये सोफ्यावर बसतो, आणि ती चाळणी संपली. म्हणून देशी जात आहे, काही होत नाही, असं म्हणणाऱ्यालाही मी हेच सांगतो: दाखवून घ्या. गावठी कुत्र्यांत रक्त इतकं मिसळलेलं असतं की सदोष प्रतीला जोडीदार सहसा सापडत नाही. शुद्ध जातीत तो शोधून द्यायचं काम माणूसच करतो.

आता त्या पुण्याच्या चॅम्पियनकडे येऊ. चॅम्पियन हा रिंगणातला निकाल आहे, त्यात परीक्षक चाल बघतो, डोकं बघतो, शेपटी बघतो. केनेल क्लबचा पेडिग्रीचा कागद बाप-आजा कोण ते सांगतो, त्यांना रात्री दिसत होतं का ते सांगत नाही. नरवाल्याला तीन गोष्टी माग: पीआरसीडीचा अहवाल, वर्षाच्या आतला डोळ्यांचा अहवाल आणि कंबर-कोपरांचे एक्स-रे. अहवालावरचा चिप नंबर त्याच्यासमोर स्कॅनर लावून जुळवून बघ. व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो हा कागद नव्हे. ‘आई-बाप क्लिअर, म्हणून हाही क्लिअर’ असं म्हणाला तर त्या दोघांचे अहवाल माग, आणि बाप खरंच तोच आहे ना हेही. एका पिढीपुरतं मी हे मान्य करेन, त्यापुढे नाही. शिवाय त्या नराला आजवर किती माद्या दिल्या ते विचार. एकच देखणा नर मुंबई-पुणे-नाशिक पट्ट्यात सगळीकडे वापरला गेला आणि तो कॅरिअर असला, तर त्याची निम्मी पिल्लं दोष घेऊन फिरतात आणि दोन पिढ्यांनी नकळत एकमेकांना भेटतात. तुझ्या मादीच्या आजोबाचं नाव त्याच्या कागदावर दिसलं तर तो नर सोडून दे, कितीही देखणा असला तरी.

नरवाला चिडला, ‘इतकी वर्षं ब्रीडिंग करतोय, आजवर कुणी मागितलं नाही’ म्हणाला, तर नमस्कार करून उठ. ज्याच्याकडे कागद आहे तो कधी चिडत नाही, तो न मागता दाखवतो.

कायद्याचंही बघून ठेव. 2017 च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्याला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. मादी अठरा महिन्यांच्या आत नको, आयुष्यात पाचापेक्षा जास्त वेतं नकोत, पिल्लू आठ आठवड्यांच्या आत विकायचं नाही. ही शेवटची अट डोळ्यांसाठीही सोयीची आहे. पिल्लाच्या डोळ्यात सुरुवातीला निळसर धुकं असतं, ते सहा-आठ आठवड्यांत निवळतं आणि जन्मतः असलेले दोष तेव्हा नीट बघता येतात. प्रत्येक पिल्लू घरी जाण्याआधी एकदा डॉक्टरांच्या दिव्याखालून जाऊ दे, आणि अहवालाची प्रत पिल्लाबरोबर दे.

एक वही घाल. प्रत्येक पिल्लू कुणाकडे गेलं, चिप नंबर, फोन. दर वर्षी एकदा विचार: संध्याकाळी जिना उतरताना थबकतो का? पाच वर्षांनी एखाद्याचं हो आलं, तर लपवू नकोस. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. त्याच दिवशी नरवाल्याला कळव, बाकीच्या सगळ्या घरांना कळव, पुढची पिल्लं थांबव. नाव खराब होईल म्हणून गप्प बसणारे ब्रीडर मी पाहिले. त्यांच्या गप्प बसण्याने रोग दुसऱ्या जिल्ह्यात गेला.

आणि ज्याचे डोळे गेले त्याला टाकून द्यायचं नाही. आंधळा कुत्रा नाकावर आणि कानावर मजेत जगतो. नांदगावचा तो लॅब नंतर कितीतरी वर्षं जगला. त्याच्या मालकाने फक्त तीन गोष्टी केल्या: वाडीतल्या विहिरीला जाळी बसवली, घरातलं सामान हलवणं बंद केलं, आणि हात लावण्याआधी नावाने हाक मारायची सवय सगळ्यांना लावली. तुझ्याही वाडीत विहीर आहे, तिचा कठडा गुडघ्याएवढा आहे. डोळे चांगले असले तरी जाळी बसव.

तुझी मादी जानेवारीत हीटवर आली होती, म्हणजे पुढची पाळी जुलैच्या आसपास. डीएनएचा अहवाल यायला काही आठवडे लागतात, आणि उत्तर बघूनच नर ठरवायचा आहे. पावसाळ्यात गेटवेच्या लाँची बंद असतात, रो-रोही समुद्र खवळला की थांबते. तेव्हा एप्रिलमध्ये वेळ घे आणि मे संपायच्या आत तिचे डोळे दाखवून ये. एकटी नको जाऊस, मला सांग, मी बरोबर येतो.